गोचिडींवर गोळी, थेंब, पट्टा की धुण्याचं औषध? घरच्या कुत्र्यासाठी सविस्तर परीक्षण

कुत्र्याच्या कानाच्या बाहेरच्या कडेला, पाळीच्या मुळाजवळ, कातडीची एक छोटी दुहेरी घडी असते, चोरखिशासारखी. गोचीड शोधताना पहिलं बोट तिथे गेलं पाहिजे. मग पंज्याच्या बोटांमधल्या बेचक्या, काखा, जांघा, शेपटीची खालची बाजू आणि गळपट्ट्याखालचा भाग. उपाशी गोचीड तिळाएवढी, चपटी, तपकिरी असते. पोट भरलेली मादी राखाडी पडते आणि फुगून एरंडीच्या बीएवढी होते. कानाच्या त्या खिशात अशी एक जरी फुगलेली सापडली, तरी घरात तिची भावंडं आहेत असं धरूनच पुढची पावलं टाकावीत.

आपल्याकडच्या पाळीव कुत्र्यांवर मुख्यतः सापडते ती तपकिरी गोचीड, शास्त्रीय नाव रिपिसेफॅलस सँग्विनिअस. तिची रीत कळली की पैसे कुठे घालायचे हे निम्मं ठरतं. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू कुत्र्यावर चढतं, काही दिवस रक्त पितं, खाली पडतं आणि फटीत जाऊन कात टाकतं. आठ पायांचं होऊन पुन्हा चढतं, पितं, पडतं, पुन्हा कात टाकतं. तिसऱ्यांदा चढते ती पूर्ण वाढलेली गोचीड. मादी शेवटी उतरून भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे किंवा पलंगाच्या सांध्यात 4000 पर्यंत अंडी घालते आणि मरते. उबदार हवेत हा फेरा दोनेक महिन्यांत पुरा होतो. कुत्रा मिळाला नाही तर मोठी गोचीड महिनोन्‌महिने उपाशी तग धरते. त्यामुळे आज अंगावर दिसणाऱ्या गोचिडी मारणं हे एका दिवसाचं काम आहे. पुढचे दोन-तीन महिने फटींतून ज्या वर येत राहणार, त्यांना मारत राहणं हे खरं काम. म्हणून बाजारातल्या प्रत्येक उत्पादनाला इथे मुख्यतः एकच प्रश्न लावला आहे: हे किती आठवडे, खंड न पडता, काम करतं?

चघळायच्या गोळ्या

दुकानात तीन नावं समोर येतात. ब्राव्हेक्टो म्हणजे फ्लुरालेनर, नेक्सगार्ड म्हणजे अफॉक्सोलेनर आणि सिम्पॅरिका म्हणजे सारोलेनर. तिन्ही आयसॉक्साझोलिन या एकाच गटातल्या. औषध रक्तात उतरतं, गोचीड चावली की रक्ताबरोबर तिच्या पोटात जातं, तिच्या मज्जातंतूंवरचा लगाम सुटतो आणि ती आखडून मरते. फरक आहे तो मुदतीत. ब्राव्हेक्टोची एक गोळी 12 आठवडे चालते, सिम्पॅरिका 35 दिवस, नेक्सगार्ड एक महिना.

वजनाचे गट तिन्हींचे वेगवेगळे आहेत आणि घोळ होतो तो इथेच. ब्राव्हेक्टोमध्ये 2 ते 4.5 किलोला 112.5 मिलिग्रॅम, 10 किलोपर्यंत 250, 20 किलोपर्यंत 500, 40 किलोपर्यंत 1000 आणि 56 किलोपर्यंत 1400 मिलिग्रॅम. नेक्सगार्डचे गट 2 ते 4, 4 ते 10, 10 ते 25 आणि 25 ते 50 किलो असे. सिम्पॅरिकाचे 5 ते 10, 10 ते 20, 20 ते 40 असे दुपटीने चढत जातात. म्हणजे 22 किलोच्या गावठी कुत्र्याला नेक्सगार्डचा तिसरा आकार पुरतो, पण ब्राव्हेक्टो घ्यायची तर 1000 चीच लागते. त्याला 500 ची दिली तर औषध 12 आठवडे पुरे होण्याआधीच उणं पडू शकतं आणि मग ‘या गोळीचा काही उपयोग नाही’ असा निकाल लागतो. दोष गोळीचा नसतो. कुत्र्याचं वजन अंदाजाने सांगू नका. त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहा, मग एकट्याने उभं राहा, वजाबाकी करा. कडेवर न मावणारं असेल तर दवाखान्यातल्या काट्यावर न्या. त्यासाठी सहसा तपासणीची फी लागत नाही.

मोठी गोळी आणून दोन छोट्या कुत्र्यांत अर्धी-अर्धी वाटण्याचा प्रकार सर्रास चालतो. स्वस्त पडतो हे खरं, पण गोळी एका कुत्र्याला एक डोस म्हणून बनवलेली असते. दोन तुकड्यांत औषध सारखंच गेलं याची खात्री नाही, आणि सुरीने कापताना जो भुगा पडतो त्यातही औषध असतंच. हा व्यवहार करू नये.

ब्राव्हेक्टो जेवणाबरोबरच द्यायची. रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. नेक्सगार्ड आणि सिम्पॅरिकाला जेवणाची अट नाही. गोळीनंतर दोन तासांच्या आत कुत्रा ओकला तर नेक्सगार्डचा पूर्ण डोस पुन्हा द्यावा लागतो. बाकी दोन्हींच्या बाबतीत ओकारीत गोळीचे तुकडे दिसतात का ते पाहून डॉक्टरांना विचारा.

आता सगळ्यात जास्त गैरसमज होतो ती गोष्ट. गोळी दिल्यावर पहिल्या दिवसात गोचिडी वाढल्यासारख्या वाटतात. कातडीला घट्ट चिकटलेल्या आणि केसांत लपलेल्या गोचिडी अस्वस्थ होऊन केसांच्या वर चालू लागतात, काही गादीवर पडून तडफडतात, काही मेल्यावरही तोंड रुतलेलं असल्यामुळे लटकून राहतात. 12 तासांपासून दोन दिवसांपर्यंत हे दृश्य दिसतं. त्यात घाबरून लगेच वरून दुसरं औषध चोळू नका. दोन दिवसांनी बारीक दातांच्या फणीने अंग विंचरा, फणी स्पिरिटमध्ये बुडवत राहा. पुढच्या आठवड्यांतही अधूनमधून एखादी चपटी गोचीड चालताना दिसेल. ती आत्ताच फटीतून आलेली असते, अजून चावलेली नसते. फुगलेली गोचीड दिसली तर मात्र हिशेब चुकला आहे: वजन, तारीख किंवा गोळी थुंकली गेली आहे, यांपैकी काहीतरी.

गोळीची एक उणीव मान्य केलीच पाहिजे. गोचीड चावल्याशिवाय मरत नाही. एर्लिकियासारखा, टिक फीव्हर म्हणजे गोचीडताप आणणारा जंतू चावल्यापासून काही तासांतच कुत्र्याच्या अंगात जाऊ शकतो. गोळीमुळे गोचिडींची फौज संपते, म्हणून धोका खूप कमी होतो, पण शून्य होत नाही. चावण्याआधीच हुसकून लावण्याचं काम पायरेथ्रॉइड गटातली औषधं करतात, त्यांच्याबद्दल पुढे.

सुरक्षिततेचं म्हणाल तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर 2018 मध्ये या संपूर्ण गटाबद्दल सूचना काढली होती की काही जनावरांत थरथर, तोल जाणं आणि झटके येणं असे परिणाम दिसले आहेत. बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही. पण ज्याला पूर्वी कधी झटका आला आहे, त्याच्या बाबतीत गोळी आणण्याआधी डॉक्टरांना ते सांगितलंच पाहिजे. 2 किलोखालच्या पिल्लांना ब्राव्हेक्टो किंवा नेक्सगार्ड देऊ नये. गाभण किंवा पाजणाऱ्या कुत्रीला ब्राव्हेक्टो चालते असं युरोपातलं लेबल म्हणतं. बाकी दोन्हींसाठी पशुवैद्यांचा निर्णय घ्यावा. आणि या गटातल्या दोन गोळ्या एकावर एक कधीच देऊ नयेत. ‘महिना झाला, दुसरी कंपनी करून बघू’ म्हणताना आधीची गोळी 12 आठवड्यांची होती हे लोक विसरतात.

तिघींत निवड करायची तर: तारीख विसरण्याची सवय असलेल्या घरात आणि सोसायटीतल्या बाहेरच्या कुत्र्यांसाठी 12 आठवड्यांची. वजन झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लासाठी महिन्याची, कारण तीन महिन्यांत 6 किलोचं पिल्लू 14 किलोचं होतं आणि मोठी मुदत त्याच्या कामाची राहत नाही. किमतीची तुलना करताना पाकिटावरचा आकडा नका बघू. 12 आठवड्यांच्या गोळीची किंमत तीनने भागून महिन्याच्या गोळीशी ताडा. कित्येकदा महाग दिसणारी गोळीच बरोबरीला येते. गोळी सुट्टी घेऊ नका. सीलबंद पाकीट, बॅच नंबर, मुदतीची तारीख पाहा आणि पाकिटावरचा वजनाचा पट्टा स्वतः वाचा.

गोळी थुंकणाऱ्या कुत्र्याला शिकवावं लागतं, आणि ते अवघड नाही. तीन घास करायचे. पहिला घास साधा, उकडलेल्या चिकनचा किंवा अंड्याच्या पिवळ्या बलकाचा. दुसऱ्यात गोळी. तिसरा साधा, पण दुसरा तोंडात जायच्या आधीच तिसरा त्याच्या नाकासमोर धरलेला असला पाहिजे. पुढचा घास दिसत असला की कुत्रा हातातला चघळत बसत नाही, गिळून मोकळा होतो. गोळीच्या आधी चार-पाच दिवस नुसतेच तीन घास देऊन हा खेळ बसवा. गोळी हातात घेतलेल्या बोटांनी साधे घास देऊ नका, वास लागला की संशय येतो. घासात कांदा-लसणाचा रस्सा, मनुका किंवा चॉकलेट नको. तिन्ही कुत्र्याला विषारी आहेत. दिल्यावर पाच मिनिटं त्याच्याजवळ थांबा. सोफ्यामागे सापडलेल्या ओल्या गोळ्यांची संख्या थोडी नाही.

मानेवरचे थेंब

फ्रंटलाइन प्लस हे यातलं जुनं आणि सगळ्यांना माहीत असलेलं नाव. त्यात फिप्रोनिल 9.8 टक्के आणि एस-मेथोप्रिन 8.8 टक्के. फिप्रोनिल गोचिडींना आणि पिसवांना मारतं, मेथोप्रिन पिसवांची अंडी-पिल्लं रोखतं. गोचिडींवर मेथोप्रिनचा आधार धरू नका. नळी वजनाप्रमाणे: 10 किलोपर्यंत 0.67 मिलिलिटर, 20 पर्यंत 1.34, 40 पर्यंत 2.68, 60 पर्यंत 4.02.

हे औषध रक्तात जात नाही. कातडीवरच्या तेलात मिसळून अंगभर पसरतं आणि तेलाच्या ग्रंथींमध्ये साठून हळूहळू बाहेर येत राहतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की सगळ्या सूचनांचा अर्थ लागतो. थेंबांच्या आधी 48 तास आणि नंतर 48 तास आंघोळ का नको? आधी शाम्पूने तेल निघून गेलं तर पसरायला माध्यमच उरत नाही, आणि नंतर घातली तर औषधच वाहून जातं. आपल्याकडे मात्र नेमकं उलट होतं. रविवारी कुत्र्याला चकाचक आंघोळ घालायची, टॉवेलने पुसायचं आणि ‘आता स्वच्छ झाला, घाला थेंब’. त्या नळीचे पैसे गेले.

दुसरी चूक केसांची. जर्मन शेफर्ड, गोल्डन, पॉमेरेनियन यांच्या खांद्यांच्या मधोमध केस दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी भांग पाडल्यासारखे दूर करा, कातडीची गुलाबी रेघ दिसू द्या. नळीचं टोक त्या रेघेला टेकवून सावकाश पिळा. नळी रिकामी झाल्यावर केस एकदम सोडू नका. वरून बघताना केस ओले, चिकट झालेले दिसले तर औषध कातडीपर्यंत पोचलेलं नाही. जागा अशी निवडा की कुत्र्याची जीभ पोचणार नाही, आणि घरात दोन कुत्रे असतील तर वाळेपर्यंत त्यांना वेगळं ठेवा. चाटलं तर कडू चवीने तोंडाला फेस येतो. ते भीतिदायक दिसतं, पण बहुधा थोड्या वेळात थांबतं.

निकाल: महिन्याला एक नळी, आठवड्याला आंघोळ न घालणारं घर आणि गोचिडींचा साधारण त्रास, तर चांगलं. दर रविवारी शाम्पू, कोकणातला चार महिने थांबायचं नाव न घेणारा पाऊस आणि ओल्याने भिजत फिरणारा कुत्रा, तर थेंब टिकत नाहीत. शिवाय जगात काही ठिकाणी तपकिरी गोचिडींत फिप्रोनिलला दाद न देणारे वंश आढळले आहेत. सगळं नीट करूनही फुगलेल्या गोचिडी दिसत असतील तर तीच नळी तिसऱ्यांदा आणण्यापेक्षा गट बदला.

अ‍ॅडव्हान्टिक्ससारख्या थेंबांत इमिडाक्लोप्रिडबरोबर परमेथ्रिन हे पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं. परमेथ्रिनमुळे गोचीड कुत्र्यावर फार वेळ टिकत नाही, पाय भाजल्यासारखी खाली पडते, त्यामुळे चावण्याआधीच बरीचशी अडते. टिक फीव्हरची भीती असलेल्या भागात हा मोठा गुण आहे. पण घरात मांजर असेल तर हे आणूच नका. मांजराचं यकृत परमेथ्रिन पचवू शकत नाही. कुत्र्याच्या मानेला अंग घासून किंवा ती चाटूनही मांजराला झटके येऊन ते दगावू शकतं. फिप्रोनिल सशांना घातक आहे, हेही इथेच सांगून ठेवतो.

याच फिप्रोनिलचा 0.25 टक्क्यांचा फवाराही मिळतो आणि अगदी लहान पिल्लांसाठी तो मला सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण दोन दिवसांच्या पिल्लावरही वापरता येतो. किलोमागे 3 ते 6 मिलिलिटर लागतं. 100 मिलिलिटरच्या बाटलीच्या एका दाबात अर्धा मिलिलिटर येतो, म्हणजे एका किलोच्या पिल्लाला किमान 6 दाब. हातमोजे घाला, केसांच्या उलट दिशेने फवारा, तोंडाला हातमोज्याने पुसून लावा. त्यात स्पिरिट असतं, म्हणून गॅस, उदबत्ती, देवापुढचा दिवा यांपासून दूर, वारा असलेल्या जागी. आणि पिल्लू पूर्ण वाळेपर्यंत उबेत ठेवा, नाहीतर ते गारठतं.

पट्टे

फ्लुमेथ्रिनचे (हेही पायरेथ्रॉइडच) पट्टे, प्रोपॉक्सरबरोबर किंवा इमिडाक्लोप्रिडबरोबर, सात-आठ महिन्यांची मुदत सांगतात. औषध चांगलं, वापर ढिसाळ, असं यांचं होतं. पट्टा गळ्यात घातला आणि मानेत लोंबत ठेवला की कातडीला टेकत नाही आणि काहीच सुटत नाही. दोन बोटं सपाट सरकतील एवढीच जागा ठेवा, उरलेलं टोक कापून टाका. ते लोंबकळलं तर दुसरा कुत्रा चावतो. पहिल्या दिवसापासून पूर्ण परिणामाची अपेक्षा करू नका, औषध अंगभर पसरायला वेळ लागतो. पट्ट्याखालचे केस गळले किंवा कातडी लाल झाली तर काढा. घरात रांगतं मूल कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून झोपत असेल तर पट्टा नको. गोळीच्या जोडीला, टिक फीव्हरने आधी आजारी पडलेल्या कुत्र्यासाठी, डॉक्टरांच्या संमतीने फ्लुमेथ्रिनचा पट्टा ही जोडी उत्तम.

धुण्याचं औषध

अमिट्राझ 12.5 टक्के. अजूनही गावोगावच्या औषधाच्या दुकानात सगळ्यात स्वस्त हेच मिळतं, आणि सगळ्यात जास्त अपघातही याचेच. प्रमाण गोचिडींसाठी 1 लिटर पाण्यात 2 मिलिलिटर. खरजेसाठी, तेही डॉक्टरांच्या देखरेखीत, लिटरला 4 मिलिलिटर. मोजायला सुईविना सिरिंज वापरा. ‘अर्धं झाकण’ हे माप नाही. झाकणं 5 ची असतात, 10 ची असतात. कुत्रा आधी साध्या शाम्पूने धुऊन पुसून घ्या. अंगावर जखम, ओरखडा असेल तर त्या दिवशी हे काम बंद. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, स्पंजने मानेपासून शेपटीपर्यंत आणि बोटांच्या बेचक्यांत लावा, डोळे-तोंड टाळा. वरून पाणी ओतायचं नाही, टॉवेल नाही, ड्रायर नाही, कडक ऊन नाही. आपोआप वाळू द्या आणि तोवर गळ्यात प्लास्टिकची नरसाळी घाला, म्हणजे चाटणार नाही. कालवलेलं पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही, ते बिघडतं.

चाटलं किंवा प्रमाण जास्त झालं तर कुत्रा गुंगतो, झोकांड्या खातो, ओकतो, अंग गार पडतं, नाडी मंदावते. त्याला ‘औषधाने शांत झोपला’ समजून ठेवून देऊ नका. दवाखान्यात न्या आणि औषधाची बाटली बरोबर न्या. उतारा आहे, पण डॉक्टरांना कशाचा उतारा द्यायचा ते कळायला हवं. चार महिन्यांखालची पिल्लं, मधुमेही कुत्रे, आजारी-म्हातारे कुत्रे आणि मांजरं यांना अमिट्राझ नाही. घरात मधुमेह असलेल्या माणसानेही ते हाताळू नये. एवढं सगळं सांभाळून परिणाम मिळतो तो थोड्या दिवसांचा. म्हणून पैशाची अगदीच ओढाताण असल्याशिवाय घरगुती वापरासाठी माझी याला शिफारस नाही.

जनावरांच्या गोठ्यासाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं 1 टक्क्याचं इंजेक्शन कुत्र्याला टोचण्याचा प्रकार याहून वाईट. त्या बाटलीत मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम औषध असतं. गाईच्या मापाने विचार करणारा माणूस 10 किलोच्या कुत्र्याला 1 मिलिलिटर सहज भरतो, आणि ते कित्येक पट जास्त होतं. कोली, शेल्टी अशा जातींत एक जनुकीय दोष असतो, त्यामुळे औषध मेंदूत शिरतं. त्यांना थोड्याशा मात्रेतही आंधळेपण, बेशुद्धी आणि मृत्यू येऊ शकतो. त्यात तपकिरी गोचिडींवर त्याचा नीट परिणामही होत नाही.

गोचिडींचे शाम्पू, पावडरी: त्या दिवशी अंगावर असतील तेवढ्या मारतात. शाम्पूचा फेस 10 मिनिटं न ठेवता धुतला तर त्याही नाही. कडुनिंबाचा पाला, व्हिनेगर यांनी गोचीड मरत नाही. रॉकेल आणि फिनेल कातडी जाळतात, चाटल्यावर पोटात जातात. गळ्यात अडकवायचे ध्वनिलहरींचे बिल्ले म्हणजे पैसे पाण्यात.

घर

कुत्र्याला गोळी दिली आणि घर तसंच सोडलं, तर गोळी आपलं काम करते, पण लढाई लांबते. तपकिरी गोचीड वर चढते. पडद्यांच्या शिवणी, दिव्याच्या बटणांच्या पट्ट्या, छताचे कोपरे, भिंतीवरच्या तसबिरींच्या मागची बाजू इथे शोधा. कुत्र्याची गोधडी आठवड्याला 60 अंशांच्या गरम पाण्यात धुवा. व्हॅक्यूम क्लिनरने फटी ओढा आणि पिशवी लगेच घट्ट बांधून घराबाहेर टाका, नाहीतर त्या परत बाहेर येतात. भिंतीच्या भेगा पांढऱ्या सिमेंटने बुजवणं हे कुठल्याही फवाऱ्यापेक्षा टिकाऊ काम. फवारणी करायची तर डेल्टामेथ्रिनसारख्या औषधाची, लेबलावरच्या प्रमाणात, भेगांत. मांजर, मासे, मुलं दुसरीकडे ठेवून आणि फरशी पूर्ण वाळल्यावरच परत आणून. अंडी फवारणीत वाचतात आणि साधारण तीन आठवड्यांनी फुटतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फवारणी लागते. लोक पहिलीच करून थांबतात आणि महिन्याने भिंतीवर मोहरीसारखी पिल्लं चढताना दिसली की औषधाला नावं ठेवतात.

घरातल्या एका कुत्र्याला गोळी आणि दुसऱ्याला ‘त्याच्यावर काही दिसत नाही’ म्हणून काहीच नाही, असं चालत नाही. एकाच दिवशी सगळ्यांना द्या आणि शेवटची गोचीड दिसल्यावरही चार महिने थांबवू नका. पार्किंगमध्ये झोपणारे सोसायटीचे कुत्रे याच हिशेबात धरा. वर्गणी काढून त्यांना 12 आठवड्यांची गोळी खाण्यातून देणं हे पेस्ट कंट्रोलच्या आधी करण्याचं काम आहे, कारण त्या कुत्र्यांना आंघोळ, थेंब, पट्टा यांतलं काही शक्य नसतं.

अंगावर रुतलेली एखादी हाताने काढायची असेल तर चिमटा कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ, सावकाश वर ओढा. गोचिडींचा छोटा आकडा मिळतो, तो खालून सरकवून हलकं फिरवलं की ती अख्खी सुटते. काडी पेटवून चटका देणं, रॉकेलचा थेंब टाकणं यांनी ती पोटातलं कुत्र्याच्या अंगात ओकते. नखाने चिरडायची तर कधीच नाही. झाकणाच्या बाटलीत स्पिरिट ठेवा आणि त्यात टाका. सिंधुदुर्ग आणि गोव्यात माकडतापाची गोचीड वेगळी असते, जंगलातली. तिकडे कुत्र्याला रानात नेऊन आणलं तर त्याच्याबरोबर स्वतःचे पाय, कंबर आणि काखाही तपासा.

ही तपासणी कुत्र्याने शांतपणे करू द्यावी यासाठी पिल्लूपणापासून सवय लावा. जेवणाच्या आधी, भूक असताना, एका हाताने कान उचला, दोन सेकंद थांबा, घास द्या. दुसऱ्या दिवशी पाच सेकंद. मग पंजा, मग बोटांच्या बेचक्या. पंजा मागे ओढला तर धरून ठेवू नका. सोडा, आणि पुढच्या वेळी एक सेकंदावर या. आठ-दहा दिवसांत तो स्वतःहून आडवा पडतो. फिरून आल्यावर दारातच, घरात शिरण्याआधी, हे दोन मिनिटांचं काम करा.

एवढं करूनही कुत्रा सुस्त झाला, जेवण सोडलं, ताप 39.5 अंश सेल्सिअसच्या वर गेला, हिरड्या फिक्या पडल्या, पोटावर लाल ठिपके उमटले किंवा नाकातून रक्त आलं, तर ते गोचिडीचं औषध बदलण्याचं लक्षण नाही. त्याच दिवशी रक्ततपासणी करा. प्लेटलेट किती आणि रक्ताच्या काचपट्टीवर बॅबेसिया हा टिक फीव्हरचा दुसरा जंतू आहे का, हे आधी बघितलं जातं. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन सहसा 28 दिवस चालतं. चौथ्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागला म्हणून ते बंद करू नका. कॅप्सूल कोरडी देऊ नका, घशात अडकून व्रण होतो, म्हणून जेवणाबरोबर द्या आणि वर पाणी पाजा. पण पनीर, दूध, दही यांत लपवू नका, त्यातल्या कॅल्शियममुळे औषध कमी शोषलं जातं. या औषधासाठी वरचे तीन घास चिकनचेच ठेवा. बॅबेसियावरची औषधं वेगळी असतात आणि जंतूच्या जातीनुसार बदलतात, म्हणून तपासणीविना ‘टिक फीव्हरची गोळी’ दुकानातून मागू नका.